कपाट वाजलं नाही

१

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी मालकाने चाचणीच्या खोलीतलं कपाट उघडलं, आत पाहिलं आणि तो जो थबकला तो थबकलाच.

"ट्रे कुठाय?"

मधली फळी रिकामी होती. निळ्या मखमलीचा ट्रे आणि त्यातली शेंगदाण्याएवढी बारा श्रवणयंत्रं, सगळं गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती बारा यंत्रं भरलेल्या सभागृहात बारा म्हाताऱ्यांच्या कानांत जायची होती. यंत्र स्वतःचं स्वतः जुळवून घेतं, गर्दीत गर्दीला दाबतं, समोरच्या माणसाला उचलतं. असं यंत्र अजून कुणी बाजारात आणलं नव्हतं. नदीपलीकडची कंपनी पंधरा दिवसांनी आणणार होती. म्हणून हे उद्याच.

मालक चाळिशीचा होता, पण त्याच्या माघारी सगळा कारखाना त्याला पहिलटकरीण म्हणायचा. एक तर 'पहिले आपण' हा त्याचा जप होता. दुसरं म्हणजे, गेले नऊ महिने तो तसल्याच घामात, तसल्याच घाईत आणि तसल्याच चिडचिडीत होता.

"बाई, तुम्ही इथेच होतात ना?"

बाई म्हणजे तपासनीसबाई. बावीस वर्षं ह्या खोलीत बसून तिने प्रत्येक यंत्र आपल्या कानात घालून ऐकलं होतं. 'मशीन एकदा चुकेल, बाईंचा कान नाही' ही म्हण कारखान्याचीच. आणि तिचा आणखी एक लौकिक होता. डब्यातली भाजी चोरणारा तिनेच पकडला होता, स्क्रूंचा हरवलेला डबाही तिनेच शोधला होता. त्यामुळे काही नाहीसं झालं की पोलिसांच्या आधी बाई.

"इथेच होते," ती म्हणाली. "एक ते दोन. टेबलाशी बसून डबा खाल्ला, नोंदवही भरली. जागची हलले नाही."

"पाठ कपाटाकडे?"

"पाठच. पण कपाट वाजलं नाही, साहेब. वाजल्याशिवाय ते उघडत नाही."

ते खरं होतं. आकडे इथे वावरणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होते, पण ते दाबले की कपाट तीनदा बारीक किंचाळायचं. चार वर्षांपूर्वी बसवलं त्या दिवशी ती स्वतःच म्हणाली होती, 'अगं बाई, हे तर दाढेत कळ आल्यासारखं वाजतंय!' खोलीच्या भिंतींना फोम, जमिनीवर जाड गालिचा. पावलं वाजत नसत, पण कपाट वाजणारच.

"एक वाजता ट्रे आत ठेवून कपाट कोणी बंद केलं?" मालकाने विचारलं.

"मी," दारातून चिपवाला म्हणाला. यंत्राच्या चिपचा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. आणि तो बाईचा भाचा होता, बहिणीचा एकुलता एक.

"बाई म्हणतात त्यानंतर कपाट उघडलंच नाही." मालक सावकाश वळला. "म्हणजे तू ट्रे ठेवलाच नाहीस."

तेव्हा कुठे बाईच्या लक्षात आलं, की आपण आत्ता काय बोललो. बोलून बसली होती, आणि भाचा अडकला होता.

"पाच वाजेपर्यंत शोधा," मालक म्हणाला. "पाचला मी पोलिसांना फोन करतो, आणि नाव सांगतो."

ह्या धंद्यात एकदा नाव गेलं, की कुठल्याही फाटकातून आत घेत नाहीत.

२

सुरुवात तिने मालकापासूनच केली. काचेच्या केबिनमध्ये तो फोन खाली ठेवत होता, लगेच उचलत होता.

"साहेब, माझ्याकडे तोंड करून बोला," ती म्हणाली. ही तिची पद्धत. खोटं आधी ओठांवर येतं, आवाजात नंतर, असं ती सांगायची. गेली काही वर्षं तर ती कुणाशीही अशीच बोलायची.

"मी माझाच माल चोरू?"

"माल तयार नसला तर चोरी बरी. चोरी झाली की लोक हळहळतात, माल बिघडला की हसतात."

मालक चिडला नाही, ह्याचं तिला नवल वाटलं.

"बाई, पहिला जो दार उघडतो ना, लोक त्यालाच ओळखतात. दुसरा कितीही शहाणा असो, त्याला म्हणणार 'त्यांच्यासारखंच'. पहिल्या वर्षी कुणाचंच धड नसतं. विकत विकत शिकायचं."

"आणि शिकायचं कुणाच्या कानावर?"

त्याने मान खिडकीकडे वळवली आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमच्या सह्या आहेत ना वहीत? मग माल तयार आहे."

सह्या होत्या. सगळ्या होत्या. यंत्र पेटीत घट्ट बसवून मशीन त्याचं सगळं मोजायची, फक्त एक गोष्ट सोडून. कवच किंचित सैल असलं तर माणसाच्या कानात यंत्र शीळ घालतं, हात जवळ आला, उशी लागली, टोपी आली की. पेटीत ते गप्प असतं. त्यासाठी यंत्र कुणीतरी कानात घालायचं, तळहात जवळ न्यायचा आणि ऐकायचं. वहीत त्याचे दोन रकाने होते. 'ऐकलं' ह्यात बाईची सही. 'दुसरा कान' ह्यात शेजारच्या खोलीतल्या सोनाराची.

तीन महिन्यांपूर्वी मालक म्हणाला, दुसरा कान काढला तर पंधरा दिवस वाचतात. नदीपलीकडच्यांना गाठायला तेवढेच पंधरा हवे होते. बाईने स्वतः पट्टी लावून त्या रकान्यावर रेघ मारली. रेघ मारताना तिला हलकं वाटलं होतं. काम कमी झालं म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

"एक ते दोन तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. समोर व्हरांड्यात जाहिरातवाली फोनवर येरझाऱ्या घालत होती. तिला विचारा. ती मला बघत होती, मी तिला."

३

जाहिरातवाली चहाच्या खोलीत सापडली, म्हणजे तिनेच बाईला तिथे गाठलं. धावत आली आणि बाईच्या कोपराशेजारची किटली तिने बंद केली.

"बाई, परत तुमची किटली! केव्हाची बोंबलतेय. पाणी आटलं सगळं."

"चित्त थाऱ्यावर नाही गं."

"ते तर काय, तुमचं रोजच," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावून ओटा पुसायला लागली.

बाईला ते टोचलं, पण आत्ता वेळ नव्हता. "सकाळी तू म्हणालीस, कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला तर बरं. का?"

"असंच."

"माझ्याकडे बघून सांग."

"खोक्यांवर काय छापलंय माहितीये ना? 'जगात पहिलं. शीळ न घालणारं.' पहिलं वाक्य साहेबांचं, दुसरं माझं. पहिल्याची मला खात्री आहे." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "मी जाहिरात करते बाई, चोरी नाही. चोरीला धाडस लागतं."

"एक ते दोन व्हरांड्यातून माझ्या खोलीत कोण आलं?"

"कुणी नाही. मी दारासमोरच होते. सभागृहवाल्यांशी खुर्च्यांवरून भांडत होते, तासभर. साहेब काचेतून मला खुणा करत होते, लवकर आटप म्हणून. चिमणीसुद्धा आत गेली नाही."

बाईने मनातल्या मनात दोन नावं खोडली. चाचणीच्या खोलीला दोन दारं. एक व्हरांड्यात, दुसरं जुळणीच्या खोलीत. व्हरांड्याकडून कुणी आलं नाही, तर राहिली जुळणीची खोली. तिथे दोघंच बसायचे. सोनार, आणि तिचा भाचा.

४

भाच्याच्या टेबलावर एक लिफाफा होता, नदीपलीकडच्या कंपनीचा. त्याने तो झाकला नव्हता. हेच तिला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली.

"मावशी, तूसुद्धा?"

"मी आधी. बाकीचे नंतर. काय आहे हे?"

"बोलावलंय. दुप्पट मोठी प्रयोगशाळा आहे म्हणे. उत्तर दिलं नाही."

"मग ठेवलंस कशाला?"

"कुणीतरी बोलावलं, ह्याचं बरं वाटतं गं." तो हसायला गेला, जमलं नाही. "आईला काय सांगशील?"

ह्या पोराला लहानपणी खोटं बोलताना तोंड उजवीकडे ओढलं जायचं. साखर खाल्ली तेव्हा, गणिताचा पेपर लपवला तेव्हा, नेहमीच. तिने त्याचे ओठ निरखले. सरळ होते.

"ट्रे ठेवलास?"

"ठेवला. तुझ्या मागेच उभं राहून ठेवला. तुला म्हणालोसुद्धा, ठेवला गं मावशी. तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, सकाळी तुझ्याशी वाद घातला म्हणून फुगलीस."

"मी कशाला फुगू? मग कुठे होतास?"

"गच्चीवर डबा खायला. पुढच्या जिन्याने नाही, इथल्याच मागच्या. दोनला आलो. इथे बसून घास उतरत नाही. सोनारकाका दिवसभर शीळ घालतात, तीसुद्धा बेसूर. डोकं उठतं."

"म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलू नये," ती सवयीने म्हणाली.

म्हणजे भाच्याने ट्रे ठेवला होता. आणि नंतर कपाट वाजलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही मिळून अशक्य.

घड्याळात साडेतीन झाले होते.

५

सोनार खरोखरच सोनार होता. वीस वर्षं दागिने घडवले, मग डोळ्याला भिंग लावून यंत्रांची कवचं घडवायला लागला. पूर्वी काम करताना तो शीळ घालायचा. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि शीळ थांबली. बाईने कधी विषय काढला नाही. दुःख ज्याचं त्याचं असतं.

ती आत आली तेव्हा तो मान खाली घालून काम करत होता. टेबलावर फडकं पसरलं होतं. तिला बघून त्याने बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकलं, बसा म्हणून. हाका मारणं त्याने केव्हाच सोडलं होतं. तिला बोलवायचं तर समोर येऊन उभा राहायचा, नाहीतर टेबल ठोकायचा.

"कुठे होतात एक ते दोन?"

"इथेच. ह्याच स्टुलावर."

"कुणाला कपाटाकडे जाताना पाहिलंत?"

"कपाट तुमच्या पाठीला लागून, बाई. मला काय विचारता?" भिंग कपाळावर चढवून त्याने तिच्याकडे पाहिलं. घाबरलेला नव्हता. पण काहीतरी होतं त्या नजरेत, एखाद्याच्या साडीला डाग लागलाय आणि सांगावं कसं, असं काहीतरी.

"साहेबांना घाई आहे," तो पुढे म्हणाला. "दागिना घडवायला हात लागतो. हात बसायला वर्षं जातात. साहेबांना दागिना आधी विकायचाय, आणि हात मागून आणायचाय."

"ते म्हणतात, विकत विकत शिकू."

"शिकतात की. जो ऐकतो तो शिकतो."

ती खिडकीपाशी गेली. बाहेरचं झाड पानांनी गच्च होतं. "इथे पाखरंसुद्धा येईनाशी झाली हो. पूर्वी नुसता कलकलाट असायचा ह्या झाडावर."

वळून पाहिलं तर सोनार भिंग पुसत होता, स्वच्छ असलेलं.

"कपाटालाच विचारा की, बाई," तो म्हणाला. "माणसं विचारून झाली."

६

सूचना वाईट नव्हती. कपाटाचा आवाज बंद पडला असेल, तर सगळं सुटत होतं. कुलूप बिघडलं, कुणीही उघडू शकलं असतं, भाचा मोकळा. हे आधीच कसं सुचलं नाही!

तिने मालकाला बोलावलं, जाहिरातवालीला साक्षीला उभं केलं आणि स्वतः दुपारसारखीच टेबलाशी बसली. तोंड भिंतीकडे, पाठ कपाटाकडे, समोर वही.

"मी सांगितलं की आकडे दाबा, साहेब. मी वेळ लिहून घेते." तिने पेन उचललं. "हं, दाबा."

ती थांबली. फोम लावलेल्या भिंती गप्प होत्या.

"दाबा ना."

काहीच नाही. तिला आतून उकळी फुटली. बिघडलंय! बिघडलंच आहे!

"साहेब, दाबलेत का तुम्ही?"

खांद्यावर हात पडला. तिने वळून पाहिलं. कपाटाचं दार सताड उघडं होतं.

"केव्हाच उघडलं, बाई," मालक म्हणाला.

"आणि वाजलं नाही! बघा, मी म्हणत नव्हते..."

"वाजलं." तो हळू बोलला, पण ओठ स्पष्ट हलवून बोलला. "तीनदा वाजलं."

तिने जाहिरातवालीकडे पाहिलं. जाहिरातवालीने मान हलवली आणि नजर गालिच्यावर टाकली.

"हो हो, माझं लक्ष नव्हतं," बाई घाईघाईने म्हणाली, आणि कानशिलं तापली. पण खरा चटका वेगळाच होता. त्या दोघांपैकी एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

७

मागच्या जिन्याच्या पायरीवर ती बसली. साडेचार वाजून गेले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तीन तास लोकांची तोंडं न्याहाळत हिंडली आणि गुन्ह्याची जागा तिच्या डोक्याला दोन बाजूंना चिकटलेली होती.

किटली रोज बोंबलत होती. घरी मुलगी म्हणायची, आई, कपडे धुवायचं मशीन तासभर ओरडतंय. पाखरं कुठेही गेली नव्हती. 'माझ्याकडे तोंड करून बोला' ही पद्धतबिद्धत काही नव्हती. ती ओठ वाचत होती. जाड, खालचे आवाज पोचत होते, म्हणून दिवस निभत होते. बारीक, उंच आवाज एकेक करून निघून गेले होते, सांगून न जाणाऱ्या पाहुण्यांसारखे.

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने माहीत करून घेतलं नव्हतं. दरवर्षीची कानाची तपासणी दोनदा चुकवली, सर्दी झालीय म्हणून. आणि ती रेघ! दुसरा कान खोडताना हलकं वाटलं ते काम कमी झालं म्हणून नव्हतं. पकडणारा गेला म्हणून होतं.

यंत्राची शीळही बारीकच असते. तीन महिने ती यंत्रं कानात घालत होती, तळहात जवळ नेत होती, शांतता ऐकत होती आणि 'ऐकलं' म्हणून सही करत होती. उद्याची बारा. गोदामातल्या खोक्यांत तीनशे.

लाजेने तिने पदर तोंडावर घेतला. जिन्यावर कुणी नव्हतं, तरी घेतला.

अजूनही गप्प बसता येत होतं. झाकली मूठ. 'लक्ष नव्हतं' हे सगळ्यांनी मानून घेतलं असतं, कारण मानून घेणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. फक्त पाच वाजता त्या पोराचं नाव पोलिसांना गेलं असतं. ठेवला गं मावशी, म्हणाला होता तो. तिच्या पाठीशी उभं राहून.

मग तिच्यातली तपासनीस जागी झाली. लाज लाजेच्या जागी, हिशेब हिशेबाच्या जागी. किंचाळणारं कपाट, आणि चार पावलांवर बसलेली बाई. असं कपाट भरदुपारी कोण उघडेल? ज्याला पक्कं ठाऊक आहे की ही वळणार नाही, तोच. संशय असून भागणार नाही, खात्री हवी. आणि तो जुळणीच्या खोलीतला हवा. भाचा नाही, कारण त्याने तर पाठीमागून हाक मारली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसला होता. ज्याला बहिरेपणाची खात्री आहे तो हाक मारत नाही.

तो टेबल ठोकतो.

आणि त्याची शीळ दोन वर्षांपूर्वी थांबली नव्हती. भाच्याचं डोकं आजही उठत होतं.

८

पाचला पाच मिनिटं कमी असताना सगळे चाचणीच्या खोलीत होते. मालकाच्या हातात फोन. भाचा भिंतीला टेकून. सोनार दारात.

"साहेब, फोन ठेवा," बाई म्हणाली. "दुपारी मी खोटं बोलले. मुद्दाम नाही, पण खोटंच. मी म्हणाले कपाट वाजलं नाही. म्हणायला हवं होतं, मला ऐकू आलं नाही. मला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत."

बोलून झालं. आकाश वगैरे काही कोसळलं नाही. फक्त भाचा भिंतीपासून सुटा झाला.

"ट्रे ह्याने ठेवला होता. नंतर कपाट उघडलं आणि तीनदा वाजलं. व्हरांड्यातून कुणी आलं नाही, हा गच्चीवर होता. उघडणाऱ्याला माझ्या कानांची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती." ती दाराकडे वळली. "सोनारकाका, आणा."

सोनार आत गेला आणि फडक्याखालून निळा ट्रे घेऊन आला.

"चोर!" जाहिरातवालीच्या तोंडून निघालं, आणि ती स्वतःच ओशाळली.

"मागच्या आठवड्यात एक यंत्र माझ्या कानात घालून पाहिलं," सोनार म्हणाला. "वहीत सही होती. शीळ घालत होतं. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत बाराच्या बारा नेली. सैल कवचं भरून, घट्ट करून परत ठेवायची होती दोनपर्यंत. पाच झाली. सात राहिली."

"दाखवा," मालक म्हणाला.

भाच्याने उरलेल्या सातांतलं एक कानात घातलं आणि तळहात जवळ नेला.

बाईला काही ऐकू आलं नाही. पण तिने ते पाहिलं. जाहिरातवालीचा हात कानावर गेला. भाच्याच्या डोळ्यांच्या कडा आक्रसल्या. मालकाने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत तिला शीळ पहिल्यांदा अशी दिसली, चार तोंडांवर. सातही यंत्रं झाली. सातही वेळा तीच तोंडं.

"उद्या बारा म्हाताऱ्यांच्या कानांत हे," ती म्हणाली. "आणि त्यांना स्वतःला ऐकू येणार नाही. माझ्यासारखंच. फक्त सभागृह ऐकेल, आणि हसेल. ते विचारतील, लोक का हसतायत."

मग तिने विचारलं, जिन्यावर ठरवलं होतं विचारायचं नाही, तरी विचारलं.

"तुम्हां सगळ्यांना कधीपासून माहीत होतं?"

"किटली..." जाहिरातवाली म्हणाली आणि थांबली.

"टीव्हीचा आवाज," भाचा म्हणाला. मग तोंड उजवीकडे ओढलं गेलं, पण त्याने ते सरळ केलं. "नाही मावशी. खरं सांगतो. इतकं गेलंय हे माहीत नव्हतं, पण शंका होती. तू पास करत होतीस, माझा प्रोग्रॅम पुढे जात होता. मी खोलात गेलो नाही."

मालक तिच्या स्टुलावर बसला. "सोनारांनी मला मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी म्हटलं, लोकांना सवय होईल." त्याने फोन पालथा ठेवला. "दुसरा कान काढू म्हटलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात. तेव्हा मी विचारायला हवं होतं, इतक्या चटकन का. पण मला पंधरा दिवस हवे होते. तुम्हाला ऐकू न येणं माझ्या सोयीचं होतं, बाई."

ही होती कारखान्याची सगळी कर्तबगारी. जगात पहिलं यंत्र, आणि ते उभं होतं एका बाईच्या बहिरेपणावर.

"आणि तुम्ही?" तिने सोनाराला विचारलं. "पोरावर आळ येताना गप्प बसलात?"

"पाचला बोललो असतो. चोरी माझी, ती मी सांगितली असती. पण कान तुमचा. तो तुम्हीच सांगायचा होता. म्हणून वाट पाहिली." तो भाच्याकडे वळला. "तुला तीन तास जाळलं, बाबा. चुकलं माझं."

मालकाने सभागृहाला फोन लावला. खुर्च्या नकोत म्हणाला. तारीख नंतर कळवतो. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, कारण तो जरा थांबून म्हणाला, "नाही, चोरी नाही झाली. आमचं काम कच्चं आहे." मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "दुसरे आपण."

"तिसरेसुद्धा असू, साहेब," सोनार म्हणाला. "पण शीळ घालणार नाही."

बाईने नोंदवही उघडली. तीन महिन्यांची पानं. प्रत्येक ओळीत 'ऐकलं', पुढे तिची देखणी सही. पहिल्या ओळीपासून ती एकेक सही खोडून समोर लिहायला लागली, 'ऐकू आलं नव्हतं.' तीनशे बारा ओळी होत्या. दहाव्या ओळीला हात दुखायला लागला, ते बरंच वाटलं. भाचा म्हणाला, मावशी, एकच रेघ मार सगळ्यांवर. ती म्हणाली, रेघ एकदा मारून झालीय.

विसाव्या ओळीला भाच्याने तिच्यासमोर तळहात धरला. सोनाराने भरलेल्या पाचांतलं एक यंत्र त्यावर होतं.

"नको," ती म्हणाली.

"बावीस वर्षं घालतेस की."

"ते तपासायला. हे लागतं म्हणून."

त्याने हात मागे घेतला नाही. तिने यंत्र कानात बसवलं, सवयीने तळहात जवळ नेला आणि मग सवयीने नव्हे, तर विचारायचं म्हणून त्या चौघांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणाचाही चेहरा हलला नाही. यंत्र गप्प होतं.

पेन कागदावर खरखरत होतं. हे खरखरतं, हे ती विसरली होती. ती लिहीत राहिली. सोनार आपल्या टेबलाकडे गेला, सात कवचं भरायची होती. थोड्या वेळाने उघड्या दारातून एक आवाज आला, बारीक, उंच, गाण्याच्या आसपास घुटमळणारा, पण गाण्यात न शिरणारा.

तिने पेन थांबवलं.

"सोनारकाका, फारच बेसूर वाजवता हो!"

शीळ थांबली.

"आमची ही सांगायची," तो तिकडून म्हणाला. "दोन वर्षांत दुसऱ्या कुणी सांगितलंच नाही."

बाईने वही जवळ ओढली. खोडलेल्या रकान्याशेजारी जागा नव्हती, म्हणून समासातच तिने नवा रकाना आखला, वर लिहिलं 'दुसरा कान', आणि एकविसाव्या ओळीकडे वळली.